रविवारच्या कट्ट्यावर राजा गोसावी

*पत्र :*

मी पाचपाखाडीत राहते. बँकेतून निवृत्त होऊन वर्ष झालं. आमच्या आणि आजूबाजूच्या सोसायट्यांमधले जुन्या सिनेमांचे वेडे असे आम्ही पंधराएक जण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी क्लबहाऊसमध्ये जमतो. प्रत्येकाने आपला आवडता सिनेमा, आवडता नट किंवा नटी सांगायची, मग चहा आणि गप्पा. माझी पाळी आली तेव्हा मी ‘लाखाची गोष्ट’ आणि राजा गोसावी यांचं नाव घेतलं. नटींमध्ये ललिता पवार. आमच्यात एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत. तरुणपणी ते फिल्म सोसायटीत, म्हणजे देशोदेशीचे सिनेमे एकत्र बघणाऱ्यांच्या मंडळात होते, वाचन दांडगं. ते म्हणाले, “ताई, ही करमणूक झाली. आपण सिनेमाबद्दल बोलतोय. आणि खाष्ट सासू कुणाची आवडती असते का?” सगळे हसले. मीही हसले. त्यानंतर मात्र मी कट्ट्यावर गेलेली नाही. आमचे हे म्हणतात, कशाला मनाला लावून घेतेस, सोडून दे.

खरं सांगायचं तर त्यांचे ते बंगाली सिनेमे मला रटाळ वाटतात. कुणालाही कळत नाहीत, उगाच माना डोलावतात. पण तसं तोंडावर बोलायची माझी हिंमत नाही. ‘लाखाची गोष्ट’ मी लहानपणी शनिवारी दूरदर्शनवर पाहिला, बाबांच्या शेजारी बसून. बाबा वागळे इस्टेटमध्ये फिटर होते, घरात फारसं बोलत नसत. त्या सिनेमाला मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले होते. माझी आवड खरंच हलकी आहे का? परत जाऊ का?

आणखी एक. माझी मुलगी ऐरोलीत नोकरी करते, लग्न ठरलंय, दोघं घर शोधतायत. तिला जुना सिनेमा दाखवायला बसवलं की पंधरा मिनिटांत मोबाइल हातात. “आई, किती स्लो आहे हे!” मग मीही चिडून म्हणते, तुमच्या आताच्या सिनेमांत असतं तरी काय? तिला काय दाखवू?

— एक वाचक, ठाणे

*उत्तर :*

सप्रेम नमस्कार ताई,

परत जा. येत्या पहिल्या रविवारीच जा. कारणं पुढे सांगते, पण हे आधी सांगून टाकते, कारण अशा बाबतीत एक-दोन महिने गेले की न जाण्याची सवय लागते. मग लोक विचारतात “दिसला नाहीत बऱ्याच दिवसांत”, आणि त्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागू नये म्हणून माणूस आणखी लांब राहतो. सिनेमावर बोलणारी पंधरा माणसं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, ही साधी गोष्ट नाही. घोडबंदर रोडच्या टॉवरांतून मला पत्रं येतात, ज्यांना बोलायला एकही माणूस सापडत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. आवड हलकी आहे का? नाही. पण एवढ्याने तुमचं समाधान होणार नाही आणि होऊही नये, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

‘लाखाची गोष्ट’ १९५२ सालचा. दिग्दर्शक राजा परांजपे, लेखन आणि गीतं ग. दि. माडगूळकर, संगीत सुधीर फडके. या तिघांनी पुढची कित्येक वर्षं मराठी सिनेमाला जे दिलं त्याची बरोबरी करणारं त्रिकूट मला तरी दिसत नाही. गोष्ट तुम्हाला पाठच असेल : ठरलेल्या मुदतीत लाख रुपये खर्च करून दाखवायचे, आणि खर्च करायला जावं तर पैसा संपता संपत नाही. ही गोष्ट कुठल्या काळात सांगितली जातेय ते पाहा. स्वातंत्र्याला जेमतेम पाच वर्षं झालेली, धान्य रेशनवर, शिकलेल्या तरुणांना नोकऱ्या नाहीत. अशा वेळी प्रेक्षकांसमोर असा माणूस उभा केला की ज्याची अडचण पैसा उरतो ही आहे! सगळा प्रेक्षक पैसा पुरत नाही म्हणून रडणारा, आणि पडद्यावर नेमकं उलटं संकट. हे सुचणं ही करमणूक करणाऱ्याची करामत आहेच, पण त्याखाली आपल्या समाजाकडे पाहण्याची एक धारदार नजरही आहे.

तुमचे बाबा का हसले असतील याचा मी बराच विचार केला. वागळे इस्टेटमधल्या फिटरचा पगार विसाव्या तारखेपुढे कसा ओढायचा हे तुमच्या आईला माहीत असणार. त्या माणसाला लाख रुपये संपत नाहीत म्हणून घामाघूम झालेला राजा गोसावी पाहायला मिळाला. एरवी ज्याबद्दल तो घरात एक अक्षर बोलत नव्हता त्याच गोष्टीवर तो त्या शनिवारी मनसोक्त हसला. मला विचाराल तर सिनेमा त्या दिवशी त्यांना पुरता कळला होता. त्यावर परिसंवाद ऐकण्याची त्यांना गरज नव्हती.

आणि राजा गोसावी! हा माणूस मास्टर विनायकांच्या कंपनीत पडेल ते काम करत वर आला. पुण्यात थिएटरच्या खिडकीवर तिकिटं विकत असे, आणि ‘लाखाची गोष्ट’ लागला तेव्हा स्वतःच्याच सिनेमाची तिकिटं त्यानेच फाडून दिली, ही हकिकत जुन्या पुणेकरांकडून कितीदा तरी ऐकायला मिळते. त्याचा विनोद बघा. तोंड वेडंवाकडं करणं नाही, आरडाओरडा नाही. चार पैसे कमी असलेल्या, पण कपड्याला इस्त्री असलेल्या मध्यमवर्गीय माणसाची ती धांदल आहे. त्यात कुणाचाही अपमान नसतो. विनोदी नटाच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट आहे, कारण कुणाला तरी खाली दाखवून हसवणं सोपं असतं.

त्या गृहस्थांना आणखी एक सांगता येईल, भांडण म्हणून नव्हे, माहिती म्हणून. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल जिंकणारा शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) त्यांच्या यादीत नक्की असेल. औंध संस्थानातल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावर बेतलेली ती गोष्ट लिहिली कुणी? गदिमांनीच. ‘लाखाची गोष्ट’ लिहिणारा तोच हात. लिहिणाऱ्याने करमणूक आणि सिनेमा अशा दोन वह्या ठेवल्या नव्हत्या.

ललिताबाईंबद्दल मात्र मला जरा जास्त लिहायचंय, कारण “खाष्ट सासू” हे दोन शब्द मला पत्र वाचताना टोचले. ललिता पवार मूकपटांच्या काळात नायिका होत्या. घोड्यावर बसणाऱ्या, गाणाऱ्या, स्वतः निर्मितीत उतरलेल्या. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याच्या एका बाजूला अर्धांगवायू झाला आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेचा चेहराच तिचं भांडवल समजला जाण्याच्या त्या काळात हे घडलं. दुसरी कुणी घरी बसली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं. बाईंनी तोच डोळा घेऊन कॅमेऱ्यासमोर पुन्हा उभं राहायचं ठरवलं. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘रामशास्त्री’मध्ये (१९४४) त्या आनंदीबाई झाल्या. न्यायमूर्तींच्या भूमिकेत गजानन जागीरदार आणि समोर ही बाई. एकदा पुन्हा बघा, त्यांच्या नजरेतली ती जरब कुठल्याही रंगभूषेने येणारी नाही.

पुढे सासू, सावत्र आई, मंथरा या भूमिका आल्या, आणि लोकांनी त्यांना तेवढ्यावरच मोजलं. पण ‘श्री ४२०’मधली (१९५५) केळी विकणारी गंगामाई आठवा. ‘अनाडी’मधली (१९५९) मिसेस डिसा आठवा. तोंडाने भाड्यावरून करवादणारी आणि त्या भाडेकरू पोरावर जीव टाकणारी घरमालकीण. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. राज कपूर आणि नूतन यांच्यासारखी जोडी समोर असताना सिनेमा संपल्यावर मनात उरते ती मिसेस डिसा. खाष्टपणा आणि माया एकाच चेहऱ्यावर, एकाच वाक्यात ठेवणं, हे तुम्हाला लहानपणापासून दिसलं आणि आवडलं, तर तुमची नजर चांगली आहे, ताई. बँकेच्या काउंटरवर बसून माणसांचे चेहरे वाचण्यात तुमची इतकी वर्षं गेली, त्याचाही यात काही भाग असेल.

मग त्या गृहस्थांनी असं का म्हटलं? मी त्यांची बाजू घेत नाही. भरल्या बैठकीत त्यांनी तुम्हाला जे ऐकवलं ते चुकीचं होतं. पण फिल्म सोसायटीतली ही माणसं कुठून आली हे समजून घेतलं तर तुमच्या मनातला काटा थोडा सैल होईल. आपल्याकडे फिल्म सोसायटीची चळवळ १९४७ मध्ये कलकत्त्यात सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी सुरू केली. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ आहे. त्या काळात जपानी, रशियन, फ्रेंच सिनेमा पाहायचा तर हाच एक मार्ग. कुठल्या तरी वकिलातीकडून एक प्रिंट यायची, एकदाच दाखवली जायची, हुकली तर हुकली. ठाण्याचा माणूस कचेरी सुटल्यावर मुंबईत तो सिनेमा बघायचा आणि शेवटच्या लोकलने घरी यायचा. घरच्यांना ते खूळ वाटायचं. “त्यात गाणी तरी असतात का?” असं विचारून त्यांना आयुष्यभर लोकांनी हसलेलं असणार. ज्याला आपली आवड कष्टाने मिळवावी लागली आणि वर टोमणे खावे लागले, तो ती आवड कुंपण घालून राखतो.

आणि इथे मला तुमच्याही पत्रातल्या एका ओळीकडे बोट दाखवायचं आहे. “बंगाली सिनेमे कुणालाही कळत नाहीत, उगाच माना डोलावतात” असं तुम्ही लिहिलंय. मुलीला म्हणता, “तुमच्या आताच्या सिनेमांत असतं तरी काय?” त्यांनी तुम्हाला जे केलं तेच तुम्ही मनातल्या मनात त्यांना आणि उघड तोंडावर मुलीला करता आहात. त्यांच्या वाक्यात आणि या वाक्यात मला फारसा फरक दिसत नाही. रागावू नका. तुमच्यावर माया आहे म्हणूनच लिहितेय, कारण ही एक गोष्ट सुटली की तुमचे तिन्ही प्रश्न सुटायला लागतील.

माझं म्हणणं असं की आवडीबद्दल बोलताना आपण निकाल सांगायला जातो आणि तिथेच घोटाळा होतो. “सर्वांत मोठा नट कोण”, “खरा सिनेमा कुठला” असं म्हटलं की समोरच्याला होकार किंवा नकार एवढंच देता येतं. दिलीपकुमार, राज कपूर की देव आनंद या वादात आजवर कुणी पक्ष बदललेला मी पाहिला नाही. पण “मला त्या सिनेमात हे दिसलं” असं सांगितलं तर ऐकणारा काय करील? एक तर म्हणेल “अरे, हे मी पाहिलंच नव्हतं”, किंवा स्वतःला काय दिसलं ते सांगेल. निकालाला तोडता येतं. दिसलेल्या गोष्टीला कसं तोडणार?

म्हणून पुढच्या वेळी सिनेमाचं नाव सांगून थांबू नका. एक प्रसंग घ्या. क्लबहाऊसमध्ये टीव्ही असेलच, त्यावर तीन-चार मिनिटांचा तुकडा लावा आणि नेमकं काय बघायचं तेवढं सांगा. ‘अनाडी’तला मिसेस डिसाचा कुठलाही प्रसंग घ्या आणि म्हणा, आवाज बंद करून फक्त यांचे हात बघा. मी हे करून पाहिलंय. हातांत राग नसतो, तो फक्त तोंडात असतो. ललिताबाई मूकपटात शिकल्या होत्या, शब्दांवाचून बोलायची कला त्यांच्या अंगात मुरलेली होती. यावर त्या पंधरा जणांत कुणी “खाष्ट सासू” म्हणेल असं मला वाटत नाही.

कट्टा चालवणाऱ्यांनाही हेच सुचवा : दर महिन्याला “आवडता सिनेमा” याऐवजी “डोळ्यांसमोरून न जाणारा एक प्रसंग” असा विषय ठेवा. ‘कुंकू’मध्ये (१९३७) शांता आपटे आणि केशवराव दाते यांच्यामधली ती बोलकी शांतता घ्या. त्या सिनेमाला पार्श्वसंगीतच नाही, जे ऐकू येतं ते सगळं घरातलं आणि रस्त्यावरचं, हे किती जणांच्या लक्षात आलं असेल? किंवा ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा भजनात दंग आणि गौरीबाईंची जिजाई म्हशीपासून पोराबाळांपर्यंत सगळं निस्तरते आहे. १९३७ मध्ये व्हेनिसला नावाजला गेलेला हा सिनेमा गावोगावच्या साध्या माणसांनीही डोक्यावर घेतला होता, आणि त्यातली जिजाई बघून बायका हसल्याही असतील आणि रडल्याही. माझ्या मते तो जितका तुकोबाचा तितकाच जिजाईचा सिनेमा आहे. हा वाद तुमच्या कट्ट्यावर जरूर व्हावा.

या आठवणी बोलून दाखवायला आणखीही एक कारण आहे. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) आज कुठेही पाहता येत नाही, एकही प्रिंट उरलेली नाही. मूकपटांपैकी अगदी थोडे वाचले, म्हणजे ललिताबाईंची नायिका म्हणून उमेदीची वर्षं जवळपास पुसली गेली. जुनी फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी. पुण्याला १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं, पी. के. नायर यांनी जन्मभर देशभर हिंडून डबे गोळा केले, तरी २००३ च्या जानेवारीतल्या आगीत प्रभातच्या काळातल्या कितीतरी अस्सल प्रिंट गेल्या. सिनेमा टिकला तरी तो कुणी, कुठे, कुणाबरोबर पाहिला हे तर कुठल्याच डब्यात नसतं. ठाण्यात वंदना, मल्हार ही थिएटरांची नावं नव्या मुलांना पत्ता सांगण्यापुरती उरली. डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात नाटक बघायला जाणाऱ्या किती जणांना माहीत असतं की ‘पाठलाग’चा (१९६४) नायक हाच, आणि त्याच गोष्टीवर पुढे हिंदीत ‘मेरा साया’ (१९६६) निघाला? तुमच्या पंधरा जणांपैकी कुणीतरी घाणेकरांना रंगमंचावर पाहिलं असेल. एकमेकांचं बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. वागळे इस्टेटमधला फिटर आणि शनिवारचा मराठी सिनेमा हेही त्यात येऊ दे. ते फक्त तुमच्या घरापुरतं आहे असं समजू नका.

आता त्या गृहस्थांचं काय? रविवारची वाट न बघता त्यांना फोन करा आणि एकच वाक्य सरळ बोला, “त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर जे म्हणालात त्याचं मला वाईट वाटलं.” त्याला “पण असू दे” असं शेपूट जोडू नका. चांगला माणूस असेल तर माफी मागेल, निदान गप्प होईल. मग त्यांना विचारा, फिल्म सोसायटीत पहिला सिनेमा कुठला पाहिलात? हे मानभावीपणाने विचारायचं नाही, खरंच ऐकायचं. आणि बंगाली सिनेमा पुन्हा एकदा बघा, पण संपूर्ण नाही. ‘पथेर पांचाली’तली (१९५५) म्हातारी इंदिर ठाकरुण तेवढी बघा. ती भूमिका करणाऱ्या चुनीबाला देवी ऐंशीच्या घरातल्या, पूर्वीच्या नटी, अनेक वर्षं कामावाचून राहिलेल्या. पोपडे निघालेल्या भिंतीला टेकून घास खाणारी ती दंतहीन म्हातारी ललिता पवारांवर प्रेम करणाऱ्या बाईला आवडली नाही, तर मला पुन्हा पत्र लिहा. सिनेमा रटाळ वाटला तरी चालेल. म्हातारी आवडली असं त्यांना सांगा, एवढ्यावरून तुमच्या दोघांचं बोलणं सुरू होईल.

जमलं तर त्यांना आणि आणखी दोघा-चौघांना घेऊन पेडर रोडच्या गुलशन महालातलं भारतीय चित्रपटाचं राष्ट्रीय संग्रहालय बघून या. २०१९ मध्ये ते सुरू झालं. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, तिथून टॅक्सी. जुने कॅमेरे, पोस्टर, गाण्यांच्या पुस्तिका समोर आल्या की माणसं आपापल्या आठवणी आपणहून काढतात, कोण जाणकार आणि कोण साधा प्रेक्षक हे लक्षातही राहत नाही.

मुलीचं सांगते. तिला ‘मुंबईचा जावई’ (१९७०) दाखवा. राजा ठाकूरांचा. नवं लग्न झालेलं जोडपं, मुंबईतलं माणसांनी भरलेलं घर, दोघांना बोलायला कोपरा नाही. ऐरोली ते उलवे घरांचे भाव विचारत फिरणाऱ्या मुलीला ही गोष्ट जुनी वाटणार नाही. यावरच बासू चटर्जींनी हिंदीत ‘पिया का घर’ (१९७२) केला. आणि ‘का रे दुरावा’ हे तिला मालिकेचं नाव म्हणून माहीत असेल, ते गाणं ‘मुंबईचा जावई’मधलं आहे. तसंच ‘तुला पाहते रे’ हे ‘जगाच्या पाठीवर’मधलं (१९६०). पडद्यावर ते आंधळ्या मुलीच्या, म्हणजे सीमा देव यांच्या तोंडी आहे हे कळल्यावर त्या शब्दांचा अर्थच बदलतो. हे तिला आधी सांगू नका, तिचं तिला कळू दे.

मात्र त्याआधी एक करा. तिला तिचा आवडता सिनेमा लावायला सांगा आणि पूर्ण बघा, मधे उठून कुकर लावायला जाऊ नका. संपल्यावर विचारा, तुला यातला कुठला प्रसंग आवडला आणि का. तिने जे सांगितलं ते ऐका, आणि तुम्हाला काय दिसलं ते सांगा. मग तुमची पाळी. बघताना “आता बघ हं, आता मजा आहे” असं सारखं म्हणू नका, आपल्याला ते आवरत नाही हे मला माहीत आहे. “आमच्या वेळी” तर अजिबात नको. जुन्या प्रिंटचा आवाज खरखरतो, म्हणून मोबाइलवर न बघता मोठ्या टीव्हीवर, आवाज नीट लावून बघा. आणि सिनेमा हळू आहे असं ती म्हणाली तर ते मान्य करा. आहेच तो हळू. मध्यंतरापर्यंत बघून थांबलात तरी काही बिघडत नाही, उरलेला दुसऱ्या दिवशी.

तुमच्या मिस्टरांनाही यात घ्या. “सोडून दे” म्हणणाऱ्या माणसाला बहुधा तुमचा चेहरा पडलेला बघवत नाही. त्यांना कट्ट्यावर बरोबर न्या. त्यांचाही कुणीतरी आवडता नट असेलच, तुम्ही कधी विचारलंय का?

वाचायला काही हवं असेल तर हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ आणि दुर्गा खोटे यांचं ‘मी, दुर्गा खोटे’ ही दोन आत्मचरित्रं आधी घ्या. पहिल्यावरूनच श्याम बेनेगलांनी स्मिता पाटीलला घेऊन ‘भूमिका’ (१९७७) केला, तेव्हा हे पुस्तक त्या गृहस्थांनी नक्की वाचलेलं असणार, बोलायला तोही एक विषय झाला. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करा. १८९३ पासूनची संस्था आहे आणि तुमच्या घरापासून रिक्षाने फार दूरही नाही.